टेलिटेक्स्टच्या पानावर ‘मराठी’ लिहायचंय? मग आधी चौकोन मोजा

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी रिमोटवाला कलर टीव्ही होता त्यांना आठवत असेल, रिमोटच्या खालच्या बाजूला चार रंगीत बटणं असायची, लाल हिरवं पिवळं निळं, आणि जवळपासच कुठेतरी टीएक्सटी असं लिहिलेलं एक बटण. आमच्याकडे ते दाबलं की अख्खी स्क्रीन काळी, वरच्या कोपऱ्यात १०० हा आकडा, आणि पुढे काहीच नाही. मग आतून आईचा आवाज, “काय बिघडवलंस?” आणि मी घाईघाईत तेच बटण परत दाबून चित्र आणायचो. ते बटण कशासाठी होतं हे कळायला पुढची वीसेक वर्षं गेली, आणि आता तर मी लॅपटॉप घेऊन त्या १०० नंबरच्या पानावर काय दिसावं हे स्वतःच बनवत बसतो, ज्याला घरचे रिकामपणचे उद्योग म्हणतात, आणि ते काही फार चुकीचं नाहीये.

तर ते बटण टेलिटेक्स्टचं. टीव्हीच्या सिग्नलमध्येच लपवून पाठवलेली मजकुराची पानं म्हणजे टेलिटेक्स्ट. बातम्या, मॅचचा स्कोअर, हवामान, शेअरचे भाव, विमानांच्या वेळा, हे सगळं घरोघरी इंटरनेट यायच्या कितीतरी आधी. बीबीसीने २३ सप्टेंबर १९७४ ला सीफॅक्स नावाने ही सेवा सुरू केली (इंग्रजीत ‘सी फॅक्ट्स’ भराभर म्हणून बघा, नाव तिथूनच आलंय) आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये ब्रिटनमधलं ॲनालॉग टीव्ही प्रक्षेपण संपलं तेव्हा तीही संपली. मधल्या काळात युरोपभर हे पसरलं, आणि जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, फिनलंड वगैरे ठिकाणी लोकांना त्याची इतकी सवय लागली की तिथल्या सार्वजनिक वाहिन्यांनी टीव्ही डिजिटल झाल्यावरही ते बंद केलं नाही. आपल्याकडे दूरदर्शननेही १९८५ साली दिल्लीत इन्टेक्स्ट नावाची टेलिटेक्स्ट सेवा सुरू केली होती, पण ती काही घराघरात रुजली नाही. मग आमच्या रिमोटवर बटण कसं? तर आपला टीव्ही युरोपसारखाच ६२५ रेघांचा, पाल पद्धतीचा, त्यामुळे तिकडच्यासाठी केलेली डिझाइनं इकडेही चालायची आणि सोबत ही पानं उलगडणारा डिकोडर आणि बटण फुकट यायचं. आमचा टीव्ही बिघडला नव्हता, तो बिचारा १०० नंबरच्या पानाची वाट बघत होता आणि ते कोणी पाठवतच नव्हतं.

आता ही पानं कॉम्प्युटरवर उघडायला, बघायला आणि बनवायला डेस्कटॉपवर चालणारी काही ॲप्स आहेत. मी वापरतो ते क्यूटेलिटेक्स्टमेकर. फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे, आणि नावातला क्यू हा क्यूटी नावाच्या तयार कोडच्या लायब्ररीवरून आलाय जिच्यावर ते उभं आहे. पहिल्यांदा उघडलं की वाटतं अरे हे तर वर्डचं काळं पाडलेलं भावंड आहे, टाइप करायचं, रंग द्यायचा, सेव्ह करायचं. मलाही तसंच वाटलं होतं. मी एक शब्द टाइप केला, त्याचं मधलं अक्षर लाल करायला गेलो, आणि तिथे शब्दच फाटला, मध्ये एक भोक. परत केलं, परत भोक. आणि हे भोक का पडतं एवढं कळलं ना, की टेलिटेक्स्ट निम्मं कळलं असं समजा.

कारण असं आहे. टेलिटेक्स्टचं पान म्हणजे चौकोनांचा तक्ता, आडवे ४० आणि उभ्या २५ ओळी. सगळ्यात वरची ओळ शून्य नंबरची, तिच्यात पान क्रमांक, वाहिनीचं नाव, तारीख, घड्याळ. सगळ्यात खालची २४ नंबरची ओळ बहुतेक वेळा त्या चार रंगीत बटणांच्या लेबलांसाठी. म्हणजे मजकुराला उरल्या २३. प्रत्येक चौकोनासाठी एकच बाइट आणि त्यातही कामाचे बिट सातच, कारण आठवा बिट चूक पकडायला राखून ठेवलाय. सात बिटांत १२८ कोड होतात. त्यातले पहिले ३२ हे अक्षरं नाहीतच, ते हुकूम आहेत: ‘इथून पुढे लाल’, ‘इथून पुढे लुकलुक’, ‘इथून पुढे दुप्पट उंची’. आणि हुकूम ठेवायला तक्त्याबाहेर वेगळी जागा दिलेलीच नाही, तो हुकूम त्या ४० चौकोनांपैकीच एक चौकोन खातो, आणि स्क्रीनवर तो चौकोन रिकामा दिसतो. रंग बदलायचाय? एक घर द्या. परत पांढरा करायचाय? अजून एक घर द्या. वर्डमध्ये रंग हा अक्षराला लावलेला असतो, इथे रंग हा अक्षराच्या शेजारी भाड्याने राहतो.

हे कंजूसपणासाठी केलं होतं आणि तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. अख्खं पान साधारण एक किलोबाइटमध्ये मावतं, आणि सत्तरच्या दशकात टीव्हीच्या आत मेमरी टाकायची म्हणजे किलोबाइटसुद्धा महाग पडायचा. (१९८१ च्या बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरमधला मोड ७ म्हणजे हाच प्रकार, आत टेलिटेक्स्टचीच एसएए ५०५० चिप, आणि स्क्रीनला लागायची एक किलोबाइट मेमरी.)

एक ओळ जवळून बघू. समजा हवामानाचं पान करायचंय आणि एका ओळीत रोमनमध्ये पुणे, मग ३१, मग ‘सनी’ असं लिहायचंय, पिवळं, पांढरं, आकाशी. पहिल्या चौकोनात पिवळ्याचा हुकूम. मग पुणेची चार रोमन अक्षरं. आता इथे नवखा माणूस स्पेस मारतो आणि मग पांढऱ्याचा हुकूम टाकतो, दोन घरं गेली. जुना माणूस स्पेस मारतच नाही, कारण हुकूम रिकामाच दिसतो, तोच स्पेस. म्हणजे शब्दांच्या मधली फट हीच रंग बदलायची जागा. हे एकदा डोक्यात बसलं की जुनी सीफॅक्सची पानं बघताना मजा येते, कुठल्या शब्दाशी रंग बदलला आणि संपादकाने फट कशी वसूल केली हे दिसायला लागतं. ॲपमध्ये कंट्रोल कोड, म्हणजे हे हुकूम, दिसतील असं करता येतं, ते पहिले काही दिवस चालूच ठेवा, नाहीतर रिकामी जागा आणि हुकूम यांतला फरक कळत नाही आणि आपण बॅकस्पेसने नको ते उडवतो.

मागचा रंग, म्हणजे बॅकग्राउंड, हा अजून तिरपागडा प्रकार आहे. निळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं हवीत तर थेट ‘बॅकग्राउंड निळं’ असा हुकूमच नाही. आधी म्हणायचं ‘अक्षरं निळी’, मग म्हणायचं ‘आत्ता अक्षरांचा जो रंग आहे तो मागे घे’, मग म्हणायचं ‘अक्षरं पांढरी’. तीन घरं गेली, ४० मधली ३७ उरली आणि अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. वर अजून एक बारकावा, रंगाचा हुकूम पुढच्या चौकोनापासून लागू होतो आणि बॅकग्राउंडचा हुकूम त्याच चौकोनापासून. म्हणून निळी पट्टी दुसऱ्या घरापासून सुरू होते आणि पहिलं घर काळंच राहतं. जुन्या पानांच्या डाव्या कडेला जो एक काळा खाचा दिसतो ना, तो हा. मला आधी वाटायचं स्क्रीनशॉट नीट कापला नाहीये.

बरं, प्रत्येक नवीन ओळ सुरू झाली की सगळं विसरलं जातं, पांढरी अक्षरं काळ्यावर, साधी उंची. वरच्या ओळीत पिवळा केला होता म्हणून खाली पिवळा येणार नाही, परत हुकूम द्या, परत घर घाला. आणि दुप्पट उंची दिली की खालची ओळ टीव्ही बघतच नाही, तिथे काही लिहिलं असेल तर ते गेलं.

चित्रांसाठी मोझेक असतात. ‘मोझेक लाल’ असा हुकूम दिला की त्यापुढचे कोड अक्षरं न राहता ठोकळे होतात, एका चौकोनाचे सहा भाग, दोन आडवे तीन उभे, प्रत्येक भाग भरलेला किंवा रिकामा. एकूण ६४ आकार. पान नकाशाचं असो की ख्रिसमसच्या झाडाचं, सगळं या ६४ मधून. फिनलंडमधल्या कलाकारांनी २०१२ पासून टेलिटेक्स्ट कलेचा आंतरराष्ट्रीय महोत्सवसुद्धा भरवलाय, आणि ती चित्रं खरोखर टीव्हीवरच्या टेलिटेक्स्ट पानांवर दाखवली गेली.

आता माझा मुद्दा. टेलिटेक्स्टच्या ठरवून दिलेल्या अक्षरसंचांत लॅटिन आहे, ग्रीक आहे, सिरिलिक, अरबी, हिब्रू आहे, देवनागरी नाही. म्हणजे मराठी टाइप करता येत नाही, मराठी काढावी लागते, ठोकळ्यांनी. म्हणून मी १०० नंबरच्या पानावर ‘मराठी’ हा एकच शब्द काढायला घेतला, म लाल, रा पिवळा, ठी हिरवी. एका रविवारचं काम वाटलं होतं, अडीच रविवार गेले.

सुरुवात छान झाली, कारण शिरोरेषा ही मोझेकला अगदी मानवते. सहा भागांपैकी वरचे दोन भरले की झाला रेघेचा तुकडा, तोच चौकोन ओळीने टाकत जा, सरळ रेघ. अक्षराचा बाकी भाग त्याखाली लटकवायचा, आपण पाटीवर तसंच शिकलोय. अक्षराला तीन ओळी, ठीच्या वेलांटीला वर एक जादा ओळ. आडवे सोळा-सतरा चौकोन. सगळं एका रंगात झकास दिसलं. मग रंग द्यायला गेलो आणि म आणि रा च्या मध्ये रंगाचा हुकूम टाकल्याबरोबर शिरोरेषा तुटली. रोमनमध्ये अक्षरं सुटी असतात, फट पडली तरी कुणाला कळत नाही. आपली अक्षरं रेघेला बांधलेली, तिथे फट म्हणजे दात पडल्यासारखं.

यावर एक हुकूम आहे, होल्ड मोझेक. तो दिला की पुढचे हुकूम रिकामे न दिसता त्यांच्या जागी आधीचाच ठोकळा परत दिसतो. म्हणजे रंग बदलणाऱ्या चौकोनात आधीच्या रेघेचा तुकडा उमटणार आणि रेघ जोडली जाणार. लावला. रेघ जोडली गेली, पण म ला वरच्या ओळीत दोन दांडे आले, कारण हुकुमाच्या अगदी आधीचा ठोकळा हा म च्या दांड्याचा होता आणि त्याने इमानेइतबारे तोच परत छापला. मग कळलं की दांड्यानंतर आधी एक नुसत्या रेघेचा चौकोन सोडायचा, त्यानंतर रंग. आणि होल्ड फक्त शिरोरेषेच्या ओळीत लावायचा, खालच्या ओळींत लावला तर तिथेही दांडे जाड होत जातात, तिथे फट हवीच आहे. हे लिहिताना दोन वाक्यांत झालं, करताना मी अनडू किती वेळा दाबलं ते मोजलं नाही.

हुकूम पाळणारे डिकोडर सगळे सारखे नसतात, म्हणून ॲपमध्ये पान कुठल्या लेव्हलला बघायचं ते निवडता येतं: १, १.५, २.५, ३.५. वर सांगितलं ते सगळं लेव्हल १. नंतरच्या लेव्हलमध्ये मूळ पानाला हात न लावता सोबत जादा पॅकेट पाठवतात, त्यात लिहिलेलं असतं की अमुक ओळीत अमुक चौकोनापासून रंग बदल, आणि यासाठी घर खर्च होत नाही. लेव्हल २.५ ला ३२ पर्यंत रंग आणि त्यातले निम्मे ४,०९६ मधून निवडायची मुभा, रुंद टीव्हीसाठी बाजूला १६ जादा स्तंभ, इतकंच काय स्वतःची अक्षरं ठिपक्यांनी कोरायचीही सोय, एक अक्षर १२ बाय १० ठिपक्यांचं. म्हणजे देवनागरी तत्त्वतः शक्य आहे. जुना टीव्ही ही पॅकेटं सरळ सोडून देतो आणि साधं पान दाखवतो. क्यूटेलिटेक्स्टमेकरची खरी ताकद या जादा पॅकेटांच्या संपादनात आहे, एकेक नोंद टेबलात दिसते, बदलता येते, लगेच पानावर परिणाम दिसतो. पण खरं सांगायचं तर मला लेव्हल १ मध्येच जास्त रमायला होतं. घर खर्च न करता रंग मिळाला तर मग गंमत काय राहिली.

पान सेव्ह होतं टीटीआय नावाच्या फाइलमध्ये आणि ती नोटपॅडमध्येही उघडते. पीएन ने सुरू होणाऱ्या ओळीत पाच आकडे, पहिले तीन पान क्रमांक, शेवटचे दोन उपपान. ओएल ने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे प्रत्यक्ष मजकूर, ओएल, स्वल्पविराम, ओळ क्रमांक, स्वल्पविराम, मग ४० चौकोन. एफएल च्या ओळीत रंगीत बटणं कुठल्या पानावर नेणार ते. लाल, हिरवं, पिवळं, आणि चौथा रंग पानावर आकाशी दिसतो पण रिमोटवर बटण निळं असतं. आजही कित्येक रिमोटवर ही चार बटणं आहेत, ती इथूनच आलीयेत.

पान क्रमांकाची पण एक गंमत आहे. १०० ते ८९९ आपल्याला दिसतात, पण शेवटची दोन स्थानं आतून दहाऐवजी सोळाच्या हिशोबाने मोजली जातात, ९ नंतर ए ते एफ, त्यामुळे १एए, १बीएफ अशीही पानं असू शकतात जी रिमोटवर आकड्यांनी उघडताच येत नाहीत, फक्त रंगीत बटणानेच तिथे पोचता येतं. ब्रिटनमध्ये बँबूझल नावाची टेलिटेक्स्ट क्विझ होती ती याच पानांवर चालायची, म्हणजे पोरांनी आकडा टाकून थेट उत्तराचं पान उघडू नये.

आता पान टीव्हीपर्यंत जातं कसं. जुन्या टीव्हीत चित्र वरून खाली रेघारेघांनी काढलं जायचं आणि किरण परत वर जाईपर्यंत काही रेघा कोऱ्या जायच्या. त्या कोऱ्या रेघांत टेलिटेक्स्ट बसवलं. एका रेघेत ४५ बाइट: दोन ताल धरायला, एक ‘इथून सुरू’ सांगायला, दोन कुठल्या ओळीचं आहे ते सांगायला, आणि उरले ४०. आलं ना लक्षात? पानाची रुंदी ४० का, तर टीव्हीच्या एका रेघेत तेवढंच मावतं, पानाची एक ओळ म्हणजे सिग्नलची एक रेघ. वेग सेकंदाला ६९,३७,५०० बिट.

आणि टीव्ही तुमचं पान मागवत नाही, मागवायची सोयच नाही, सिग्नल एकाच दिशेने येतो. वाहिनी सगळी पानं एकामागून एक पाठवत राहते, रेल्वे स्टेशनवरच्या बॅगांच्या पट्ट्यासारखी नाही, एअरपोर्टवरच्या, फिरत राहतात आणि आपली आली की उचलायची. समजा किरणाच्या सेकंदाला ५० फेऱ्या, प्रत्येक फेरीत १० रेघा टेलिटेक्स्टला, म्हणजे ५०० रेघा, एका पानाला साधारण २५, तर सेकंदाला २० पानं. ८०० पानं असतील तर पूर्ण चक्कर ४० सेकंदांची. म्हणून १०० नंबरचं पान चकरेत मुद्दाम अनेकदा घालायचे आणि कोपऱ्यातल्या जाहिरातीच्या पानासाठी लोक आकडा फिरताना बघत बसायचे.

याच फिरण्यामुळे एक वेगळाच उद्योग शक्य झालाय. जुन्या व्हीएचएस कॅसेटवर लोकांनी सिनेमे आणि मॅचेस टेप केल्या, त्यासोबत त्या रेघाही टेप झाल्या. व्हीएचएसची ऐपत इतक्या वेगवान बिटांची नाही, ते एकमेकांत मिसळून लगदा होतो. पण तेच पान कॅसेटवर अनेकदा आलेलं असतं, मग सॉफ्टवेअर त्या सगळ्या पुसट प्रती एकमेकांशी ताडून मूळ अक्षर काय असावं ते काढतं, आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या संध्याकाळची पानं परत मिळतात. ती आपल्या ॲपमध्ये उघडून मी सगळ्यात आधी काय बघतो, तर कंट्रोल कोड. कुणी कुठे फट वसूल केली होती ते.

माझं पान मी मामाच्या माळ्यावरच्या जुन्या टीव्हीवर चढवलं, रास्पबेरी पाय नावाच्या चिमुकल्या कॉम्प्युटरच्या कंपोझिट आउटपुटमधून, त्याच्या कोऱ्या रेघांत टेलिटेक्स्ट घालणारं सॉफ्टवेअर आहे. वायर जरा ढिली होती. टीएक्सटी दाबलं, वरच्या कोपऱ्यात १००, आणि या वेळी खाली खरंच काहीतरी आलं, पिवळा रा, हिरवी ठी, आणि म च्या डोक्यावर शिरोरेषेऐवजी पौंडाच्या खुणा आणि भलतीच चिन्हं. दोन मिनिटं मी हादरलो, मग लक्षात आलं. तो आठवा बिट. ओळीच्या सुरुवातीचा ‘मोझेक लाल’ हा हुकूम वाटेत बिघडला, टीव्हीने तो बाइट टाकून दिला, हुकूम गेला म्हणजे ठोकळे परत अक्षरं झाले, आणि वरचे दोन भाग भरलेल्या ठोकळ्याचा जो कोड आहे तोच ब्रिटिश अक्षरसंचात पौंडाचा कोड आहे. पिवळ्याचा हुकूम शाबूत होता म्हणून रा पासून पुढे सगळं ठीक. मामा म्हणाला हे काय, लंडनची मराठी का? तेवढ्यात पान परत फिरून आलं आणि रेघ जागेवर बसली.